आवडी मयत असल्याचा पुरावा

आमची शाळा खाजगी. आता खाजगी म्हटलं की टाय, बूट आणि पिवळी बस डोळ्यांपुढे येते. आमच्या वेळी खाजगीचा अर्थ एवढाच, की वर्ग संस्थापक अण्णांच्या खाजगी गोठ्यात भरत. सरकारी शाळा सातवीला संपायची. पुढे शिकायचं तर महाड गाठा, नाही तर मुंबईला जाऊन हॉटेलात कपबशा विसळा. म्हणून अण्णांनी चौऱ्याहत्तर साली जनावरं मागच्या पडवीत हलवली, जमीन सारवून घेतली आणि दारावर 'श्रमप्रबोधन विद्यालय, पोलादपूर' अशी पाटी ठोकली. जनावरांना हा बदल बरेच दिवस मान्य नव्हता. गणिताच्या तासाला एखादी म्हैस दारात येऊन उभी राहायची आणि आमच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकायची.

त्या शाळेला पन्नास वर्षं झाली. माजी विद्यार्थी मंडळ स्थापन झालं आणि राजेंद्र उतेकर अध्यक्ष झाला. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, कारण राजेंद्र फाईल घेऊनच सभेला आला होता. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून त्याने चाळीस वर्षं काढली. तिथून तो निवृत्त झाला तो फक्त पगारापुरता. आजही घरात मिक्सर बिघडला तर तो आधी अर्ज कुठे आहे ते विचारतो, असं त्याची बायको सांगते.

डिसेंबरातल्या एका रविवारी सोहळा ठरला. रविवार एवढ्यासाठी, की निम्मे माजी विद्यार्थी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला, आणि उरलेले निम्मे मुंबईत. कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलनानंतर आणि जेवणाआधी 'दिवंगत माजी विद्यार्थ्यांचे स्मरण' होतं. पद्धत अशी ठरली, की अध्यक्षांनी एकेक नाव पुकारायचं, त्या माणसाबद्दल चार ओळी वाचायच्या आणि तेवढा वेळ त्याच्या तुकडीतल्यांनी उभं राहायचं. चार ओळी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळ्यांना काही ना काही काम होतं.

माझ्या हाताला फारसं काही लागलंच नाही. घरच्यांना मजकूर पाठवा म्हटलं, तर घरचे थेट एसटी स्टँडासमोरच्या हर्षदच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. हर्षदकडे श्रद्धांजलीचा मजकूर तयारच असतो. फक्त नाव आणि फोटो बदलायचा. त्यामुळे आमचे सगळे मृत विद्यार्थी मनमिळाऊ, कष्टाळू, धर्मपरायण आणि निर्व्यसनी निघाले. भागोजी कदमसुद्धा निर्व्यसनी. भागोजीने आठवीत असल्यापासून कानामागे विडी ठेवली, आणि हर्षदने लावलेल्या फोटोतही ती दिसते. फोटो लग्नातल्या गर्दीतून कापून काढल्यामुळे त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हातही राहिला आहे. हात कुणाचा हे शोधायला माझे दोन दिवस गेले. तो माणूस हयात निघाला, त्यामुळे शोध वाया गेला.

यादी मात्र राजेंद्राने स्वतः केली. एका बाजूला शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, दुसऱ्या बाजूला गावोगावच्या ग्रामपंचायतींची मृत्यूची नोंद. नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव, चारही जुळलं तर माणूस मेला. एक जरी जुळलं नाही तर जिवंत. या हिशेबाने सदतीस नावं निघाली. मी ती वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली.

"राजा, यात मुली कुठायत?"

"कुठल्या मुली?"

"आपल्या शाळेत मुली होत्या."

"होत्या ना. पन्नास वर्षांत दोनशे बारा. रजिस्टरला आहेत."

"मग त्यातली एकही गेली नाही?"

त्याने फाईल उघडून पाहिलं. "निरंक," तो म्हणाला. आणि मग जरा अभिमानाने, "चांगलीच गोष्ट आहे की."

शिक्षणाचा आयुर्मानावर असा परिणाम जगात दुसरीकडे कुठे झाला असेल असं मला वाटत नाही. राजेंद्राने त्या दोनशे बारा हयात मुलींना रजिस्टरातल्या पत्त्यावर, म्हणजे बापाच्या घरी, निमंत्रणपत्रिका धाडल्या. पत्त्यावरच्या बहुतेक बापांचं निधन झालेलं होतं. पण त्यांना कुठे बोलवायचं होतं?

मंगळवारी सकाळी आम्ही हर्षदच्या दुकानामागच्या खोलीत बसलो होतो. मंडळाचं कार्यालय तेच. कापडे गावची एसटी आली आणि थोड्या वेळाने दारात एक बाई उभी राहिली. साठीच्या पुढची, काटक, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"काय रे राजू," ती म्हणाली, "आवडीला बोलावणं धाडलंस तू?"

राजेंद्राने चष्मा वर केला. "बसा, बाई. आपण कोण?"

"बाई कोनाला बोलतोस? गोदू मी. पार्ट्यांची. तुझ्या म्होरच्या बाकावर बसायची नाय काय? तुझी शाईची दौत मीच सांडली व्हती, आनि मार खाल्लास तू."

"गोदू!" राजेंद्र उठून उभाच राहिला. "अगं, किती बदललीस."

"तू काय तसाच रायलास? डोक्यावर बघ जरा." मग माझ्याकडे वळून, "आनि तू रे? तू अजून लिवतोस काय तसलं?"

लिहितो, पण आता सभ्यपणे, असं मी सांगितलं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. पिशवीतून तिने पत्रिका काढून टेबलावर ठेवली. पाकिटावर राजेंद्राच्या वळणदार अक्षरात होतं: 'श्रीमती आवडी धोंडू कळंबे, मु. पो. कापडे, ता. पोलादपूर.'

"तिचा भाव सुनील माझ्याकडं घेऊन आला. बोल्ला, गोदूताई, हिचं काय करू? बोलावणं आलंय, आनि ती जाऊन सहा वर्सं झाली."

आवडी कळंबे गेली हे मलाही तेव्हाच कळलं. ऐंशी सालच्या दहावीत आमच्या तुकडीत बेचाळीस मुलगे आणि तीन मुली होत्या. त्यातली तिसरी दिवाळीआधीच शाळा सोडून गेली. उरल्या गोदू आणि आवडी, एका बाकावर. आवडी म्हणजे ताडकन उत्तर देणारी, उंच, आणि सरांनी फळ्यावर केलेली बेरीज चुकली की खोकणारी. सर खोकला ऐकला की वळून फळा पुसायचे.

राजेंद्राने पेनाचं टोपण काढलं. कागद दिसला की त्याला हुरूप येतो. "मयत असेल तर यादीत घेऊच. नोंद कुठे आहे?"

"मुंबईला गेली ती. दाखला आनलाय मी झेरॉक्स."

त्याने दाखला वाचला. पुन्हा वाचला. मग दाखला आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून दोन्हींकडे बोट दाखवलं. "गोदू, हा दाखला प्रियदर्शिनी मंगेश सालेकर यांचा आहे."

"तीच ती."

"तीच कशी? नाव जुळत नाही, बापाचं नाव जुळत नाही, आडनाव जुळत नाही, गाव जुळत नाही. चारपैकी शून्य." त्याने चष्मा काढून पुसला. "म्हणजे बघ, स्थिती अशी आहे. प्रियदर्शिनी मयत आहे, पण ती आपल्या शाळेत नव्हती. आवडी आपल्या शाळेत होती, पण ती मयत नाही."

गोदूबाईने माझ्याकडे पाहिलं. "हा कचेरीत असाच व्हता काय?"

"याहून वाईट," मी म्हणालो. "इथे निदान खुर्ची तरी देतो."

"अरे राजू, लगीन झालं की बायकोचं नाव बदलतात, ता तुला ठाव नाय? तुझ्या बायकोचं काय बदललं नायस?"

राजेंद्राने यादी पुढे ओढली. त्याच्या बायकोचं माहेरचं नाव काय होतं, हे त्याला त्या क्षणी आठवत नव्हतं, अशी मला शंका आहे. तो यादीवरून खाली नजर फिरवत होता. सदतीस नावांत एकही मुलगी का नाही, हे बहुधा तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पण कारकुनाला चूक दिसली तरी ती मान्य करायला वरून पत्र यावं लागतं.

"नाव बदललं याचा पुरावा?" तो म्हणाला.

"मी बघितलंय की. करवली मीच व्हते." गोदूबाईने खुर्ची पुढे ओढली. "तो मंगेश मुंबईला गोदीत कामाला. त्याला नवीन नाव पायजे व्हतं, फ्याशनचं. ताटात तांदूळ पसरले आनि अंगठीनं नाव लिवायला बसला. प्रियदर्शिनी! ताट केवढं? 'प्रियद' झालं नि ताट संपलं. मंग भटजी बोल्ले, मनातल्या मनात पुरं करा. आवडी माझ्या कानात बोल्ली, गोदे, परात तरी मागायची गो."

"आणि ते तांदूळ?" राजेंद्राने विचारलं. शप्पथ, त्याने विचारलं.

"शिजवले. तूच खाल्लास. पंगतीला व्हतास ना."

म्हणजे पुरावा अध्यक्षांनी स्वतःच, वरणाबरोबर, नष्ट केला होता. तरी राजेंद्र हलेना. मंगेश सालेकर हयात असेल तर त्याने सांगावं, असा मार्ग त्याने काढला. गोदूबाईकडे नंबर होता. फोन स्पीकरवर लावला. पलीकडे टीव्ही चालू होता.

"हां, बोलो. कोण?" मंगेश म्हणाला.

राजेंद्राने विचारलं, "आपल्या दिवंगत पत्नी प्रियदर्शिनी यांचं पूर्वीचं नाव आवडी होतं, हे खरं का?"

"आवडी... हां. गावचं नाव ते. होतं तसं काहीतरी."

"मग आपण त्यांना प्रियदर्शिनी म्हणून हाक मारत होता?"

"नाय ओ. येवढं लंबा नाव कोण घेणार? 'ए, ऐकतेस काय' बोलायचो."

"आणि बाकीचे लोक?"

"कोण सालेकरवैनी, कोण दिनूची आई. प्रियदर्शिनी ते रेशन कार्डाला. पेपरला." टीव्हीचा आवाज बारीक झाला. "क्या है, माणूस चांगली होती. पण आता कशाला काढता हे सगळं?"

फोन बंद झाला. राजेंद्राने वहीत लिहिलं: दूरध्वनीवरून तोंडी, ग्राह्य नाही. प्रतिज्ञापत्र आणल्यास विचार करता येईल, असं त्याने गोदूबाईला सांगितलं.

"मी सांगतेय ता पुरं नाय?"

"तू मैत्रीण. म्हणजे हितसंबंधी."

गोदूबाईने टेबलावरची पत्रिका उचलली. बोलली तेव्हा आवाज चढवला नाही. "राजू, मी तिला हॉस्पिटलात बघायला गेले व्हते. ती नर्स खाटेशी उभी राहून हाका मारतेय, प्रियदर्शिनी, ओ प्रियदर्शिनी, डोळे उघडा. ही काय बघत नाय. नर्स बोल्ली, पेशंट रिस्पॉन्स देत नाय. मी बोल्ले, थांब. बोल्ले, आवडे गो! तर लगीच डोळे उघडले. बोल्ली, ओरडतेस कशाला, हितंच हाय मी." तिने पत्रिका पिशवीत घातली आणि पुन्हा बाहेर काढली. "दहाव्याची पत्रिका गावात आली, ती सालेकरांच्या प्रियदर्शिनीची. कापड्यात लोकं बोल्ली, सालेकरांची कोनतरी गेली. कोन रडलं नाय. कोनाला कळलंच नाय तर रडनार काय? तिच्या चुलतीला आठ दिसांनी समजलं. एकदा तिचं नाव मोठ्यानं घे. येवढंच. उभं रावायला मी हाय."

खोलीत हर्षदचं मशीन तेवढं कुणाचा तरी वाढदिवस छापत होतं.

"नियम सगळ्यांना सारखा," राजेंद्र हळूच म्हणाला.

गोदूबाई उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "बरं. पन नाव घेतलंस, तर चार ओळींत ता बी लिव, पूर्वपरीक्षेत पयली कोन आलती."

ती एसटीला गेली. राजेंद्र पेनाला टोपण लावायला लागला. ते दोनदा चुकून उलट्या बाजूने लावलं.

शाळेच्या दालनात, रंगमंचाच्या वर, 'शालान्त परीक्षेत प्रथम' असा लाकडी फलक आहे. त्यावर सोनेरी रंगात सन १९८०, उतेकर रा. ग., एकसष्ट टक्के. गुरुवारी मी शाळेत जाऊन जुनी गुणपत्रकं मागितली. मुख्याध्यापिका नव्या, हुशार. त्यांनी कपाट उघडून दिलं आणि वाळवीपासून सावध राहायला सांगितलं. ऐंशी सालची पूर्वपरीक्षा वाळवीने खालून अर्धी खाल्ली होती. गुणानुक्रम मात्र शाबूत होता. पहिली आवडी धो. कळंबे, अठ्ठ्याहत्तर टक्के. दुसरा राजेंद्र, एकोणसाठ. मधे एवढं अंतर, की तिथे आणखी एक शाळा काढता आली असती. आवडीच्या नावासमोर शाईने शेरा: 'विवाहामुळे नाव कमी केले.' तारीख फेब्रुवारीची. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती.

संध्याकाळी महाबळेश्वरच्या फाट्यावर चहाला गेलो, तेव्हा मी राजेंद्राला हे सांगितलं. तो बशीतला चहा फुंकत राहिला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"फलकाची काळजी वाटते का? अरे, तो फलक पन्नास वर्षांत कुणी वाचलेला नाही. त्याच्यापुढे पंखा आहे."

"फलकाचं नाही रे." बशी खाली ठेवली. "तुला सांगतो, कुठे लिहू नकोस. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने गोदूच्या हाती मला भूमितीची वही पाठवली. सगळी प्रमेयं सोडवलेली. बाजूला लिहून ठेवलेलं, हे येणार, हे नाही येणार, हे सरांना येत नाही. त्या वहीवर मी पास झालो. पहिला आलो म्हणून पेढे घेऊन कापड्याला गेलो. तर ती गेलेली मुंबईला. पेढे तिच्या बापाला दिले. तो म्हणाला, कशाचे? मी म्हटलं, पहिला आलो. तो म्हणाला, चांगलं झालं, आमची पोर पण पहिली यायची."

"मग?"

"मग काय? तिथून कचेरीत चिकटलो. पहिला आलेला म्हणून घेतलं."

मी त्याला म्हटलं, हे तर चार ओळींत बसतं. तो म्हणाला, स्मरणिका छापायला गेली, सदतीस नावं छापून झाली, आता बदल शक्य नाही. आणि शिवाय प्रतिज्ञापत्र नाही. मी चहाचे पैसे दिले नाहीत, त्याला द्यायला लावले. त्याच्यासारख्या माणसाला एवढी तरी शिक्षा हवी.

(ही गोष्ट मी कुठे लिहिणार नव्हतो. पण पुढे तो स्वतःच माइकवर बोलला, त्यामुळे माझी सुटका झाली.)

रविवारी दालन भरलं. मुंबईहून दोन बसगाड्या आल्या. मागच्या अंगणात भात, आमटी आणि वाटाण्याची उसळ शिजत होती, त्यामुळे दीपप्रज्वलनाच्या वेळी श्रोत्यांचं लक्ष सारखं मागे जात होतं. गोदूबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. राजेंद्राने पहिलं नाव पुकारलं आणि त्या तुकडीबरोबर तीही उभी राहिली. तुकडी बसली. ती बसली नाही. दुसरं नाव झालं, तिसरं झालं, दहावं झालं. ती उभीच. मागच्यांना रंगमंच दिसेना.

व्यवस्था बघणारा हर्षद वाकून तिच्याजवळ गेला. "मावशी, बसा ना. तुमचं नाव आलं की सांगतो."

"माझं कशाला येतंय मेल्या, मी काय मेले?" ती मोठ्याने म्हणाली. "आवडीचं येऊ दे."

भागोजी कदमचं नाव आलं. 'निर्व्यसनी' या शब्दाला त्याच्या तुकडीतले आठ जण माना खाली घालून उभे होते. खांदे हलत होते. लोकांना वाटलं, रडताहेत. राजेंद्र सगळं सरळ चेहऱ्याने वाचत गेला. पस्तीस. छत्तीस. सदतीस. सदतिसाव्याचे लोक बसले. आता दालनात गोदूबाई एकटीच उभी. आणि जेवणाचा वास.

राजेंद्राने फाईल मिटली. पाण्याचा ग्लास उचलला, प्याला नाही, खाली ठेवला. पुढचा कार्यक्रम सुरू करायला निवेदिका माइककडे सरकली. राजेंद्राने हाताने तिला थांबवलं.

"अडतीस," तो म्हणाला.

फाईलमध्ये अडतिसावा कागद नव्हता, हे मला माहीत होतं.

"आवडी धोंडू कळंबे. कापडे. सन एकोणीसशे ऐंशीची तुकडी. पुरावा..." तो अडखळला. चाळीस वर्षांची सवय, पुढे शब्द येईना. "पुरावा, गोदू रामा पार्टे समोर उभी आहे."

आम्ही ऐंशीचे जेवढे होतो तेवढे उठलो. चौदा जण.

"सहामाहीत पहिली. पूर्वपरीक्षेत पहिली. बोर्डाला बसली नाही, लग्न झालं. त्या वर्षी फलकावर जो पहिला आहे, तो तिच्या वहीवर पहिला आलेला आहे."

चार ओळी. मोजून चार. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण सगळ्यांच्या माना फलकाकडे वळल्या होत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तो वाचला जात होता. पंखा मधे येत होता, म्हणून कुणी तरी पंखा बंद केला.

"उ... उते... उतेकर!" मागून कुणी तरी ओरडलं. "अरे, हा तर अध्यक्षच!"

"शांतता राखावी," राजेंद्र म्हणाला. कान लाल झाले होते.

गोदूबाई खाली बसली. पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, "आवाज बरा हाय त्याचा. कचेरीत फुकट गेला."

निवेदिकेने आभारप्रदर्शनाला सुरुवात केली, पण ते कुणी करू दिलं नाही. शहाऐंशीच्या तुकडीतली एक बाई उठली. आमची चंद्रा पण गेली, म्हणाली, सासरी तिला वैशाली म्हणायचे, तिचं पण घ्या. मग बांधावरून पाणी सुटावं तशा बायका बोलू लागल्या. कुणाची अनसूया वर्षा होऊन गेली होती. कुणाची सुंदरा, तिची तर दोनदा नावं बदललेली, पहिलं नाव सासूच्या नावाशी जुळत होतं म्हणून. एकीने सांगितलं, माझ्या बहिणीला आपण निमंत्रण धाडलंत, ती बाळंतपणात गेली, पंच्याऐंशी साली. राजेंद्र प्रत्येक नावाला 'एक मिनिट, एक मिनिट' म्हणत होता. शेवटी तो रंगमंचावरून खाली उतरला. टेबल मागवलं, कोरी वही मागवली, पट्टीने तीन रकाने आखले. माहेरचं नाव, सासरचं नाव, कोण सांगतं. पुराव्याचा रकाना त्याने आखला नाही. मी नीट पाहिलं.

बायकांची रांग लागली. पुरुष जेवायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, की वाढायला कुणीच नाही. वाढप्यांची नावं ठरवताना बायका गृहीत धरलेल्या होत्या. मग एमआयडीसीतले दोघे-तिघे बाह्या सरसावून वाढू लागले. आमटी पानात कमी आणि चटईवर जास्त पडली. तीन वाजेपर्यंत वहीत अकरा नावं झाली. मी शेजारी बसून चार-चार ओळी उतरवत होतो. एकही हर्षदच्या मजकुराशी जुळली नाही. एक भांडकुदळ होती, एक झाडावर चढायची, एकीने मास्तरांना उलट उत्तर दिलं होतं आणि ते उत्तर तिच्या मैत्रिणीला शब्द न् शब्द पाठ होतं.

रांगेत सगळ्यात शेवटी गोदूबाई आली.

"आता तुझं काय?" राजेंद्र दमून म्हणाला. "आवडीचं झालं की."

"माझं लिव."

"अगं, तू हयात आहेस."

"हाय तवर लिव. आधार कार्डावर मी जानकी शेलार हाय. मागनं तू पुरावा मागशील. तवा उभी रावायला मी नसंन."

राजेंद्राने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. असा नियम कुठेच नव्हता. पण असा नियम नाही, असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याने पेन ठेवून पेन्सिल घेतली आणि पहिल्या रकान्यात सावकाश लिहिलं: गोदू रामा पार्टे. दुसऱ्यात: जानकी शेलार. तिसऱ्या रकान्याशी तो थांबला. मग तिथे स्वतःची सही केली.

"चार ओळी काय लिहू?"

"जागा सोड," गोदूबाई म्हणाली. "येवढ्यात काय लिवतोस? माझं अजून करायचं हाय कायकाय."

"किती ओळींची सोडू?"

"सोड की पानभर. शाळेचीच वही हाय ना?"

राजेंद्राने पानभर जागा सोडली आणि समासात पेन्सिलीने 'घाई नाही' असा शेरा मारला.